आधी लिहून ठेवलेला जबाब

माझं अक्षर चांगलं आहे. हे कौतुक म्हणून सांगत नाही. त्या अक्षराने मी जे केलं ते सांगायचं आहे, म्हणून सुरुवात तिथून करते.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका यार्डाच्या वजनकाट्यावर मी तेवीस वर्षं कारकून होते. ट्रक काट्यावर चढला की वजन बघायचं, पावती फाडायची, वहीत नोंद करायची. यार्डात क्रेन, पत्र्याच्या मोठमोठ्या कॉइल, सळयांचे भारे, धूळ आणि दिवसभर आवाज. बाईमाणूस मी एकटी. पहिले तीन-चार महिने कोणी माझ्याशी धड बोललं नाही. मग सगळेच बोलायला लागले, कारण प्रत्येकाला अर्ज लिहून पाहिजे असायचा. पोराच्या शाळेचा, रेशनचा, गावच्या तलाठ्याचा. "मी काय पोस्टाबाहेर बसलेली बाई आहे का?" असं खेकसायची आणि लिहून द्यायची.

आणि यार्डात माणूस मेला की जबाब लिहायची.

हे जरा नीट सांगायला हवं. लोखंडाच्या कामात माणसं मरतात. दर महिन्याला नाही, पण मरतात. मग पोलीस येतात, अकस्मात मृत्यू अशी नोंद करतात आणि मेलेल्याच्या जवळच्या माणसाचा जबाब घेतात. आमच्या चौकीतले हवालदार साताऱ्याकडचे, गुडघ्यांनी बेजार झालेले, तसे सरळ गृहस्थ. पण अक्षर असं, की त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. साहेब ओरडायचे. म्हणून ते जबाब माझ्याकडून लिहून घ्यायचे आणि मग ठाण्यात कॉम्प्युटरवर चढवायचे. नियमात हे बसत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. "मॅडम, तुमचा कागद असला की साहेब एका वाचनात सही ठोकतो बघा," ते म्हणायचे. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

जबाबाची सुरुवात ठरलेली असते आणि शेवटही. सुरुवातीला नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण. मधे काय घडलं ते. आणि शेवटी हे, की मृत्यू अपघाताने झाला आहे, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार अगर संशय नाही, जबाब मला वाचून दाखवला व तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. समोर बाई ऊर बडवत असते, बाहेर ॲम्ब्युलन्सवाला घाई करत असतो आणि आपण त्या ठरलेल्या ओळी वळणदार अक्षरात काढत बसतो. मला ते सोसवेना. म्हणून मी एक युक्ती काढली. दुपारी काट्यावर ट्रक नसले की दोन-तीन कागद आधीच तयार करून ठेवायची. वर सुरुवात, खाली शेवट, मधे आठ ओळींची जागा मोकळी. वेळ आली की नाव टाकायचं, आठ ओळी भरायच्या आणि सही घ्यायची. हवालदार खूश. "याला म्हणतात प्लॅनिंग!" म्हणाले. ते कागद माझ्या ड्रॉवरमध्ये पावतीपुस्तकांच्या खाली असायचे.

म्हणजे बघा. बाहेर यार्डात माणसं चहा पीत होती, एकमेकांच्या आयाबहिणी काढत होती, फोनवर पोरांना अभ्यासाला बसवत होती. आणि त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी मरणाबद्दल त्याच्या बायकोची कोणाविरुद्ध तक्रार नाही, हे मी लिहून मोकळी झाले होते. कोण आणि केव्हा, एवढंच भरायचं राहिलं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण त्या बायांचा त्रास वाचवतोय असं वाटायचं.

मला तरी हे कळायला हवं होतं. माझे वडील महाडकडचे. त्यांचा थोरला भाऊ ऐन तारुण्यात गावच्या विहिरीत सापडला. आदल्या दिवशी पाण्यावरून वरच्या आळीतल्या लोकांशी त्याची बाचाबाची झाली होती. डोक्याला मागून जखम होती. पोलीस पाटलाने लिहिलं, पाय घसरून पडला. आजोबांना अक्षरओळख नव्हती, त्यांनी अंगठा दिला. वडील हे सांगताना रडायचे नाहीत, संतापायचे. मारणारे कोण हे अख्ख्या गावाला माहीत होतं, पण कागदावर विहिरीच्या कडेचं शेवाळ तेवढं आलं, असं म्हणायचे. "आपल्या घरात लिहिणारं माणूस पाहिजे," हे त्यांचं पालुपद होतं. तुर्भ्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आले की माझी पानभर शुद्धलेखनाची वही तपासल्याशिवाय ते जेवायचे नाहीत. मिळालं त्यांना लिहिणारं माणूस.

ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो परभणीकडचा. कॉइलला साखळी बांधायची, क्रेनवाल्याला हात करायचा, कॉइल खाली टेकली की साखळी सोडायची, हे त्याचं काम. वय चाळीसच्या आसपास. बारा महिने गळ्यात मफलर. मला ताई म्हणायचा आणि माझ्या खेकसण्याची नक्कल इतकी हुबेहूब करायचा, की मालकसुद्धा तोंड फिरवून हसायचे. त्याच्या मुलीच्या शाळेचा अर्ज मीच लिहिला होता. ॲडमिशन झाल्यावर त्याने मला गावाकडच्या ज्वारीचं पीठ आणून दिलं, दोन किलो, वर्तमानपत्रात बांधून.

एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर तो काट्याच्या खिडकीशी आला.

"ताई, एक अर्ज पायजे. मालकाला द्यायचा."

"आता काय झालं?"

"साखळीचं हाय. चला, दावतो."

मी गेले. मनगटाएवढ्या जाड कड्यांची साखळी. तिच्या एका कडीला तडा गेला होता आणि त्यावर वेल्डिंगचा टाका मारला होता. "टाका घातलेली साखळी उचलायला वापरत नसतेत, ताई. ही फुटनार एक दिवस," तो म्हणाला. त्या दिवशी तो नक्कल वगैरे काही करत नव्हता. मी अर्ज लिहिला, त्याने सावकाश सही केली. मालकांनी तो माझ्यासमोर वाचला, घडी घातली आणि फायलीला लावला. "बघू या महिन्यात," म्हणाले. मालक काही राक्षस नव्हते. कोणाच्या घरी दुखणं असलं तर स्वतःची गाडी द्यायचे. साखळी मात्र तीच राहिली.

त्यानंतर तीनेक आठवडे गेले असतील. सकाळचे अकरा वाजले होते, मी पावती फाडत होते. लोखंडाचे सगळे आवाज मला पाठ होते. तो आवाज त्यातला नव्हता. मग अख्खं यार्ड गप्प झालं. तेवीस वर्षांत मी ते यार्ड दिवसाउजेडी कधी गप्प ऐकलं नव्हतं. मी बाहेर जाऊन पाहिलं नाही, मला धीर झाला नाही. माणसं धावली, कोणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं, आणि मला कळलं.

पोलीस यायच्या आधी क्रेनवाला माझ्याकडे आला. "दीदी, मेरा नाम मत आने देना. तीन बेटियाँ हैं मेरी." त्याची भीती खोटी नव्हती. गुन्हा लिहिला असता तर पहिली बेडी त्याच्याच हातात पडली असती, कारण क्रेनचा दांडा त्याच्या हातात होता. मालकांचा हात कशालाच लागलेला नव्हता, ते वर केबिनमध्ये बसले होते. गुन्हा नाही म्हटलं तर कोणीच नाही, आणि गुन्हा आहे म्हटलं तर हा. मालकांपर्यंत पोचायची वाट त्या कागदावर कुठेच नव्हती. मी क्रेनवाल्याला पाणी दिलं आणि घाबरू नको म्हणाले.

त्याच्या बायकोला शेजारणी घेऊन आल्या. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. ती रडत नव्हती. काट्याच्या आकड्यांकडे बघत होती, ते आकडे तेव्हा शून्यावर होते.

"आटपा मॅडम," हवालदार दारातून म्हणाले, "बॉडी पनवेलला न्यायचीय."

मी ड्रॉवर उघडला. कागद काढला. नाव विचारलं, वय विचारलं, लिहिलं. नवरा किती वर्षं इथे कामाला, सकाळी किती वाजता घरातून निघाला, डबा नेला होता का. सात ओळी भरल्या. तेव्हा ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

"ते रोज म्हनायचे, ती साखळी फुटनार हाय म्हनून. साखळीचं लिवा ताई."

मी हवालदारांकडे पाहिलं.

"ते तपासात येईल," ते म्हणाले.

एक ओळ उरली होती. त्या ओळीत मी लिहिलं, साखळी अचानक तुटल्याने कॉइल अंगावर पडून. अचानक हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता. ना तिने, ना हवालदारांनी. तो माझा. मी स्वतः ती साखळी पाहिली होती, अर्ज लिहिला होता, आणि तरी माझ्या हाताने तो शब्द काढला, कारण त्याच्या खालची ओळ आधीपासून तिथे होती आणि तिच्याशी जुळेल असंच काहीतरी लिहायला हवं होतं. कागद मी वाचून दाखवला नाही. तिने सही केली. नवरा ज्या बाईला ताई म्हणायचा तिने लिहिलंय, एवढं तिला पुरेसं होतं.

त्याच आठवड्यात जवळच्या ढाब्यावर दोन ड्रायव्हरांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या पोटात सुरा खुपसला. सगळा बाजार त्यावर बोलत होता. फोटो काढले, कुत्रं फिरवलं, सुरा कापडात गुंडाळून लाखेचं सील लावून नेला. हवालदार माझ्याकडे चहाला आले तेव्हा त्यांची झोप झाली नव्हती. "खुनाचा तपास म्हंजे डोक्याला ताप," म्हणाले. आमच्या यार्डातली माणसंही "खून झाला, खून झाला" म्हणत होती. चार दिवसांपूर्वी आपल्याच डोळ्यांसमोर मेलेल्या माणसाबद्दल कोणी तो शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

आणि ती तुटलेली साखळी दहा दिवसांनी भंगाराच्या टेम्पोत चढून माझ्याच काट्यावर आली. मी वजन केलं, पावती फाडली, माल या रकान्यात भंगार लिहिलं. टेम्पो गेटातून बाहेर पडेपर्यंत मी बघत होते. थांबवायला तोंड उघडलं नाही.

पुढच्या काही महिन्यांत मी निवृत्त झाले. ड्रॉवर रिकामा करताना तळाशी दोन तयार कागद मिळाले. वर सुरुवात, खाली शेवट, मधे जागा. फाडायला घेतले आणि हात चालेना. फाडले तर काही केलंच नाही असं होईल, आणि तिथेच सोडले तर कोणीतरी वापरेल. म्हणून घरी आणले.

कोपरखैरण्याला आमच्या घरासमोर सतत काही ना काही बांधकाम चालू असतं. दोरीला लटकून कोणी भिंत रंगवत असतो, कोणी बांबूवर उभा राहून ग्रिल बसवत असतो. मी खिडकीतून बघते आणि डोक्यात आपोआप सुरू होतं: वय अंदाजे तीस, धंदा रंगकाम, मूळ राहणार. आठ ओळी भरत जातात. मी खिडकी लावून घेते, पण ओळी थांबत नाहीत. सुनेला वाटतं मला धुळीचा त्रास होतो. मी तसंच वाटू दिलं आहे. त्या माणसांना ओरडून सांगावंसं वाटतं, खाली उतरा रे, तुमचा कागद माझ्या कपाटात आहे.

दीड वर्षाने एका दुपारी बेल वाजली. तीच होती, मफलरवाल्याची बायको. मी ओळखलं, तिनेही ओळखलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाईल. मी पाणी दिलं. तिने ग्लास तसाच ठेवला आणि एक झेरॉक्स माझ्यापुढे धरली. माहितीच्या अधिकारात काढलेली. ठाण्यात टाइप केलेला जबाब आणि मागे जोडलेला माझ्या अक्षरातला.

"पोरीनं वाचून दावलं," ती म्हणाली. "ताई, हे मी म्हनले का?"

"असंच लिहितात. पद्धत आहे ती," मी म्हणाले. आवाज उगाचच चढला होता.

"माझी तक्रार नाही, असं मी कवा म्हनले? मी साखळीचं सांगितलं होतं. सांगितलं होतं का नाही?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

मला तिचा राग आला. खरं सांगते, आला. इतक्या दिवसांनी घर शोधत कशाला यायचं, असं वाटलं. मग लाज वाटली, आणि मी तिच्यासमोर रडले, जे मी नवऱ्याच्या मयतीलाही चारचौघांत केलं नव्हतं. तिने माझी समजूत काढली नाही. काढायची गरजही नव्हती.

तिला काय हवं होतं ते तिने सांगितलं. नुकसानभरपाईचं प्रकरण केव्हाच मिटलं होतं, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. वकिलीणबाईंच्या मदतीने तिने पनवेलच्या कोर्टात तक्रार दाखल केली होती. माझा नवरा अपघाताने मेला नाही, माहीत असून त्याला त्या साखळीखाली उभं केलं, एवढं कोर्टाने म्हणावं. "पोरगी कॉलेजात कागद भरती," ती म्हणाली, "वडील कशानं वारले तिथं अपघात लिवावं लागतं. मला ते बदलून पायजे." पण तिच्या तक्रारीच्या आड तिचीच सही येत होती. मूळ अर्ज फायलीत सापडत नव्हता. तो अर्ज होता आणि जबाबाचा शेवट तिने तोंड उघडायच्या आधी लिहिलेला होता, हे सांगू शकणारी मी एकटी होते.

वकिलीणबाईंनी माझ्यापासून काही लपवलं नाही. "तुम्ही हे कबूल केलंत तर खोटा दस्तऐवज केल्याचं तुमच्यावर येऊ शकतं," त्या म्हणाल्या. म्हणजे त्या माणसाच्या मरणात आजवर एकही गुन्हा कोणाला दिसला नव्हता, आणि दिसलाच तर पहिला माझा दिसणार होता. मुलगा म्हणाला, आई, तुझ्या वयाला हे शोभतं का? मी म्हटलं, शोभायचं वय तेव्हा होतं, आता नुसतं वय आहे. पण तुरुंगाची भीती मला वाटत होती, नाही असं नाही.

मी गेले. कपाटातले दोन्ही कागद घेऊन गेले. साक्षीदाराच्या जागी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अर्ज, मालकांनी घातलेली घडी, अचानक हा शब्द, भंगाराची पावती. ते दोन अर्धवट लिहिलेले कागद न्यायाधीशबाईंच्या समोर ठेवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. मालक मागच्या बाकावर होते. केस पांढरे झाले होते. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, नवल होतं.

मग त्यांचे वकील उठले.

"बाई, असे आधी लिहून ठेवलेले जबाब तुम्ही एकूण किती केलेत?"

मी खोटारडी आहे हे त्यांना दाखवायचं होतं. पण मला वाटलं, विचारलं एकदाचं कोणीतरी. मी सांगायला सुरुवात केली. "नऊ. पहिला सळयांच्या भाऱ्याखाली गेलेला, बिहारकडचा होता, दुसरा..."

"प्रस्तुत प्रकरणापुरतं बोला," न्यायाधीशबाई म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता. "बाकीचे या केसमध्ये नाहीत."

लिहिणाऱ्या मुलीने टाइप करायचं थांबवलं. मी "बरं" म्हणाले आणि खाली उतरले.

तारीख पडली. पुढचं काय ते अजून व्हायचं आहे. माझ्यावर अद्याप काही आलेलं नाही. बाहेर आवारात आम्ही दोघी एका बाकावर बसलो. वकिलीणबाई म्हणाल्या होत्या की साक्ष चांगली झाली, आता प्रकरण उभं राहील. मला वाटलं, ती आता निदान एकदा माझा हात धरेल. ती समोर बघत होती.

"नऊ जनांचे लिवले तुमी?" तिने विचारलं.

"हो."

"त्यायच्या बायकांना ठाव हाय का, कागदावर काय हाय ते?"

"नाही."

"मग सांगाय पायजे." तिने पिशवीतून फाईल काढली, फायलीतून एक कोरा कागद आणि पेन, आणि माझ्यापुढे न ठेवता स्वतःच्या मांडीवर घेतलं. "नावं सांगा. मी लिवते. हळूहळू येतंय मला."

मी तिच्या नवऱ्याचं नाव सोडून बाकीची आठवायला लागले. नऊही नावं मी स्वतःच्या हाताने लिहिली होती, वळणदार अक्षरात, वडिलांना आवडलं असतं तसं. ती पेन धरून थांबली होती.

मला तीनच आठवली.